टाकीला चढवलेला चीक

तातेराव मामाची पिशवी मी माझ्या हातानं उलटी केली. प्लँटच्या गेटवर, संध्याकाळी सुट्टीच्या टायमाला, अकरा माणसं बघत असताना. वॉचमन म्हणत होता, "मॅडम, मी बघतो ना," तर मी पिशवी मामाच्या हातातून हिसकली. पडलं काय त्यातून? भाकरीचं फडकं, ठेच्याची रिकामी डबी, चष्म्याचं घर आणि बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. डबी घरंगळत नालीपर्यंत गेली. ती उचलायला कोणी वाकलं नाही. मामाच वाकला.

आता सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते. ह्यात मी चांगली दिसत नाही. दिसायचा प्रयत्नही करणार नाही, कारण तो करून झालाय.

तातेराव माझा सख्खा मामा नव्हे. माझी आई, नंदाबाई, पिंपळगाव रेणुकाईची. आणि आईच्या गावचा प्रत्येक बाप्या आपला मामा, हा आमच्याकडचा कायदा. लहानपणी सुट्टीत आजोळी गेले की ह्याच्याच खांद्यावर बसून मी जत्रा बघितली आहे. देवळाची एक भांडारखोली आहे, पंगतीची मोठी पातेली, समया, देवीचे दागिने असलं सगळं तिथं असतं. तिची किल्ली वीस वर्षं तातेराव मामाच्या करदोट्याला होती. ही किल्ली गाव पैशावाल्याला देत नाही आणि पुढाऱ्याला तर बिलकुल देत नाही. ज्याच्याकडे बोट दाखवायची सोय नाही, त्यालाच देतं.

तर अशा माणसाला मी चोर म्हणाले.

आमचं युनिट भोकरदनच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. पऱ्हाट्यांपासून इंधन. कापूस वेचून झाला की लोक कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटतात, थोड्या चुलीला ठेवतात आणि बाकीच्या बांधावर पेटवून देतात. त्या आम्ही घेतो. यंत्रात भुगा करतो, वाफेवर शिजवतो, धुतो आणि टाकीत घालून त्यावर एन्झाइम सोडतो. एन्झाइम म्हणजे बुरशीपासून काढलेलं एक प्रथिन. लाकडात सेल्युलोज असतं, त्याचे ते तुकडे पाडतं आणि साखर मोकळी करतं. साखर आंबवली की इथेनॉल, आणि ते पेट्रोलमध्ये जातं. ऐकायला एकदम सोपं वाटतं. एन्झाइम मात्र महागाचं, निळ्या कॅनमध्ये लांबून येतं. म्हणून त्याच्या फ्रिजला कुलूप, आणि किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, दुसरी टाकीवरच्या ऑपरेटरकडे.

तो ऑपरेटर म्हणजे मामा. मीच त्याला लावला होता कामाला. आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "मामा, इथं मला मॅडम म्हणायचं बरं का."

"बराबर हाय," मामा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम."

माझं डोकं तापट. आई म्हणते, जन्मली तीच भांडत जन्मली. त्यात पीएच.डी. झालेली, प्लँटची प्रमुख झालेली, हाताखाली सगळी माझ्या बापाच्या वयाची माणसं. आवाज चढवल्याशिवाय ही मंडळी ऐकणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते. ऐकत तर ती आधीपासूनच होती.

टाकी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मामा टोपी हातात घेऊन केबिनच्या दारात आला. "मॅडम, उद्या टाकीला नारळ फोडायचा का? जरा हळदकुंकू..." आमच्याकडं नव्या ट्रॅक्टरला हळदकुंकू लागतं, नव्या बोअरला लागतं, एकानं नव्या मोबाइललासुद्धा लावलेलं मी पाहिलंय. मी फाडकन बोलले, "हे देऊळ नाही, लॅब आहे! त्या टाकीत बाहेरचा एक थेंब जरी गेला ना, तर माझी दोन वर्षांची मेहनत मातीत जाईल. कळलं का? एक थेंब!" मी बोटानं थेंब दाखवलासुद्धा, दीडशहाणी. मामानं मान हलवली आणि गेला.

पहिली टाकी लावली. तीन दिवसांनी साखर मोजली. निघायला हवी होती त्यातली शंभरात बहात्तर निघाली. पन्नासच्या वर गेलो तरी जिंकलो, असं आम्ही ठरवून बसलो होतो! मालकांच्या वतीनं सगळं बघणारे मार्तंड सर जालन्याहून गाडी हाणत आले, मोठा पेढ्यांचा बॉक्स घेऊन. पेपरात तालुक्याच्या पानावर माझा फोटो आला, टाकीला हात लावून उभी असलेली मी. मामानं ते कात्रण घडी घालून खिशात ठेवलेलं मी पाहिलं होतं.

दुसरी टाकी लावली. अठ्ठेचाळीस. तिसरी, पंचेचाळीस. चौथी, सत्तेचाळीस. पऱ्हाट्या त्याच शेतातल्या, वाफ तेवढीच, तापमान तेवढंच, एन्झाइम त्याच कॅनमधलं. माझी पाचावर धारण बसली. पेपरात बहात्तर छापून आलेलं, मार्तंड सरांनी तो आकडा वर कळवलेला, आणि रोज त्यांचा फोन, "मॅडम, कुठं पाणी मुरतंय?"

कुठं मुरतंय ते मला सुचेना. आणि सुचलं ते हे, की पहिल्या टाकीनंतर कोणीतरी कॅनमधलं एन्झाइम काढून त्यात पाणी भरलंय. जीन्स मऊ करणाऱ्या कारखान्यांत असलंच एन्झाइम लागतं, ते बाहेर विकलं जातं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे. मग उरलं कोण?

कॅनमधलं एन्झाइम पातळ केलंय की नाही, हे बघायची चाचणी असते. कागदाची एक पट्टी, एक परीक्षानळी आणि एक तास. चहा पिऊन येईपर्यंत होते. ती मी केली नाही. आधी गेटवर गेले.

"मामा, पिशवी दाखवा."

"का बरं, मॅडम?"

"दाखवा म्हणते ना! फ्रिजची किल्ली तुमच्याकडं असते. माल कमी कसा पडतो मग? का तो आपोआप उडून जातो?"

अकरा माणसं थांबली. त्यातली निम्मी पिंपळगावची. मामाच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं, की आता हा बोलणार. ओठ हलले पण. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाला मी कबुली समजले. म्हणूनच पिशवी ओढली. पुढचं सांगितलंच.

मामानं डबी पुसली, सगळं पिशवीत भरलं, करदोट्याची फ्रिजची किल्ली सोडून वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि बसस्टॉपकडं चालू लागला. ओरडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. "बघा, कसा गुपचूप गेला," असं मी मोठ्यानं म्हणाले. हे मी म्हणालेलं वाक्य मला आजही आंघोळ करताना, भाजी निवडताना, कधीही ऐकू येतं, आणि मी एकटी असले तरी माझी मान खाली जाते.

ती एक तासाची चाचणी मी चौथ्या दिवशी केली.

एन्झाइम बराबर होतं. एक थेंब पाण्याचा नव्हता त्यात.

आता एखादी शहाणी बाई असती, तर त्याच पावली पिंपळगावला गेली असती. मी नाही गेले. मार्तंड सरांना मी आधीच कळवलं होतं, की चोरी होती, माणूस काढला, आता सगळं सुरळीत होईल. आता काय सांगू? मी चाचणी न करताच माणूस हाकलला? मी चाचणीच्या वहीचं पान उलटलं आणि पाचवी टाकी लावायला घेतली. एकोणीस दिवस मी गप्प बसले. रागाच्या भरात बोलले, हे निदान रागावर ढकलता येतं. हे एकोणीस दिवस कशावर ढकलू?

पाचवी टाकी, सेहेचाळीस.

एकोणिसाव्या दिवशी आई माहेरी एका बारशाला जाऊन आली. आल्याआल्या पिशवी खाली टाकली आणि पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर उभी राहिली. "तातेरावनं देवीची किल्ली देऊन टाकली."

"कोणी मागितली?"

"कुणीच न्हाई. ह्योच गेला रखमाजीकडं, कमिटीच्या. म्हणला, ज्याच्यावर चोरीचा बोल आला त्यानं देवाची किल्ली बाळगू न्हाई. चार माणसांनी समजावलं, आयकला न्हाई. आता घरातून बाहेर पडत न्हाई." आईनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या माहेरात मला तोंड वर करून बसता येईना. सगळ्या बाया गप. एकटी साळूबाई बोलली. आन् ती काय बोलली माहिती का? म्हणली, वन्सं, तेवढी आमची किटली राह्यली तिथं, सवडीनं पाठवा."

साळूबाई म्हणजे मामाची बायको. "कसली किटली?" मी विचारलं.

"चिकाची. तुमची टाकी सुरू झाली त्याच पहाटे त्येंची म्हैस व्याल्ती. पहिला चीक घरात कुणी चाखायच्या आत देवाला देतात ना. तातेराव म्हणला, आज भाचीचं मशीन सुरू होऊन राह्यलंय, आज तोच देव. किटलीभर चीक नेऊन त्या टाकीला चढवला म्हणं."

"टाकीला? म्हणजे टाकीवर?"

"टाकीत गं! देवाला बाहेरून दाखवून नेतात का?"

मी खाली बसले. खरंच बसले, ओट्याला टेकून, फरशीवर.

ह्यात काय कळलं ते सांगायला हवं. पऱ्हाटीच्या लाकडात सेल्युलोज असतं, तसंच लिग्निन असतं. लाकडाला ताठपणा देणारा चिकट, काळपट पदार्थ. एन्झाइमनं जायचं असतं सेल्युलोजकडं, पण वाटेत लिग्निन लागतं आणि एन्झाइम त्यालाच चिकटून बसतं. काम काहीच नाही, नुसतं बसून. आमच्याकडं कसं, शेतात निघालेला गडी पारावर टेकतो आणि मग दिवसभर उठत नाही. पण तोच पार सकाळीच गावातल्या रिकामटेकड्यांनी भरून गेला, तर गड्याला टेकायला जागा राहत नाही, मग तो मुकाट शेतात जातो. चीक म्हणजे दाट प्रथिन, साध्या दुधाच्या कितीतरी पट, आणि आमची टाकी अजून चाचणीची, लहानशीच. ते आधी टाकीत पडलं, लिग्निनवर सगळी जागा धरून बसलं. दोन तासांनी मी एन्झाइम सोडलं, तेव्हा त्याला चिकटायला जागाच उरली नव्हती. गेलं सरळ कामाला. म्हणून बहात्तर.

म्हणजे माल चोरणारा टाकीतच होता. पहिली टाकी सोडून प्रत्येक टाकीत लिग्निननं माझं एन्झाइम धरून ठेवलं होतं.

आणि खरी तोंड लपवायची गोष्ट पुढंच आहे. माझी पीएच.डी. कशावर आहे? एन्झाइम लिग्निनला कसं चिकटतं, ह्यावर. दोनशे दहा पानं लिहिली आहेत मी, कडक बाइंडिंगची, सोनेरी अक्षरांची. जगात हा संशय सगळ्यात आधी कोणाला यायला पाहिजे होता, तर मला. पण लिग्निनवर संशय घ्यायला दोन दिवस प्रयोग करावे लागतात. माणसावर घ्यायला काहीच करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या मागं किटली सापडली. आत पिवळट खपली धरलेली. मी फ्लास्क लावले. चीक कुठून आणणार, म्हणून म्हशीचं दूध घेतलं, आणि आपल्याकडं सोयाबीनची पेंड रगड, म्हणून तिचं पाणी. काहींत प्रथिन आधी आणि एन्झाइम नंतर, काहींत उलटं. तीन दिवसांनी आकडे आले. पेंडीचं पाणी आधी घातलं तिथं सत्तर. एन्झाइम आधी घालून मागून पाणी घातलं तिथं एकोणपन्नास. क्रमाचाच सगळा खेळ. देवाचं पहिलं म्हणून मामानं चीक सकाळीच ओतला होता, बरोबर त्याच क्रमानं.

मार्तंड सरांना फोन केला तर ते आनंदानं ओरडलेच. "सोयाबीनची पेंड! अहो, जालन्याच्या बाजारात हवी तेवढी! ह्याला प्रथिनाचा लेप म्हणू. पुढच्या रविवारी शेतकऱ्यांचा मेळावा आहे, तिथं तुम्हीच सांगा."

"आणि तातेराव?"

सर माणूस वाईट नाहीत, पण घाईतले. "त्यांना हळूच परत घ्या ना. पण ते चीक, पूजा वगैरे स्टेजवर नको हं. लोक हसतील. आणि चोरीचा विषय आपण कशाला उकरायचा?"

मी किटली घासली, आत गुळाचा मोठा खडा टाकला, कारण चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढं तरी माझ्या लक्षात होतं, आणि दुपारच्या बसनं पिंपळगावला गेले.

साळूबाई ओसरीवर तुरी निवडत होत्या. मामा आतून आला. दाढी वाढलेली, करदोटा नुसताच लोंबत होता. मी काही न बोलता वाकले, पाय धरायला. मामा साप बघितल्यासारखा मागं सरकला. "अगं अगं! भाचीनं मामाच्या पाया पडू न्हाई! पाप लावतीस का मला?" आणि उलट तोच वाकून माझ्या पायांना हात लावायला निघाला, कारण आमच्याकडं भाचीचे पाय मामानं धरायचे असतात. मी किंचाळून मागं झाले. माफी मागायची तीसुद्धा जमेना मला. तिथंच उभी राहून रडले मी, भर दुपारी.

"मी चुकले, मामी. एन्झाइम चोरीला गेलंच नव्हतं."

साळूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. "आम्हाला ठाव हाय ते. आमच्याजवळ सांगून काय होतंय? पिशवी उलटी केली चार लोकांत, आन् चुकले म्हणायला आमच्या ओसरीवर आलीस व्हय? इथं कोण आयकायला बसलंय? ही तूर?"

"साळू," मामा म्हणाला, "गप."

"मी का म्हणून गप? तुम्ही हाव की गप बसायला!" त्यांनी किटली घेतली, आतला गूळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "किटली घेते. गूळ न्हाई घेत."

परतीच्या बसमध्ये तो गुळाचा खडा माझ्या मुठीत पाघळत होता. हात चिकट झाला, तरी मी तो टाकला नाही.

रविवारी मेळावा झाला. प्लँटच्या आवारात मांडव, दोनशेच्या वर शेतकरी. पिंपळगावचा टेम्पो भरून आला, पुढं रखमाजी, देवीच्या कमिटीचे अध्यक्ष. मामा यायला तयार नव्हता म्हणे, साळूबाईंनी ओढून आणला. मागच्या खांबाला टेकून दोघं उभी होती. ती अकरा माणसंही होतीच, मी एकेक चेहरा मोजला.

मार्तंड सरांनी माझ्या पदव्या वाचून दाखवल्या. माइक माझ्या हातात आला. मी म्हणाले, "पदव्या ऐकल्यात. आता मी काय केलं ते ऐका."

आणि सांगितलं. टाकीचं सांगितलं, चिकाचं सांगितलं. लोक हसले, हसू दिलं. मग म्हणाले, "ही युक्ती माझी नाही. मला माहीत असून सुचली नव्हती. ती तातेरावांच्या म्हशीच्या चिकानं दाखवली. आणि मी काय केलं? ह्याच गेटवर त्यांची पिशवी उलटी केली, चोर म्हणाले. एका तासाची तपासणी होती, ती केली नाही. नंतर केली, तेव्हा कळलं की चोरी झालीच नव्हती. तरी एकोणीस दिवस मी तोंड उघडलं नाही, माझं नाव खराब होईल म्हणून. चूक माझी आहे. तातेराव मामांच्या नावावर डाग नाही. होता तो मी लावला होता."

मार्तंड सर बुटाच्या टोकाकडं बघत बसले. मग रखमाजी उठले, पागोटं नीट केलं आणि एवढंच म्हणाले, "मंगळवारी किल्ली घ्यायला या, तातेराव."

मला वाटलं, आता मामा हसेल. निदान मान हलवेल. खांबाशी बघते तर मामा नाही.

तो टाकीपाशी होता. एकटाच, टाकीच्या पत्र्याला हात लावून. मी धावत गेले तर वळून माझ्यावर खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कशाला बोललीस गं? कुणी सांगितल्तं तुला?"

"मामा, तुमचं नाव..."

"माझ्या नावाला काय करायचंय! तूच म्हणल्ती ना, बाहेरचा एक थेंब गेला तर सगळी मेहनत मातीत? म्या तर किटलीभर ओतल्ता. तवा वाटलं, देवाचं हाय, थेंबात धरायचं न्हाई. मंग पेपरात तुझा फोटो आला. आन् पुढच्या टाक्या बिघडत गेल्या. मला वाटलं, माझ्यामुळंच बिघडलं. टाकी बाटली. आन् आता हे कुणाला कळलं, तर पोरीची पहिली टाकी खोटी ठरंल, फोटो खोटा ठरंल, लोक म्हणतील मामानं दूध ओतलं अन् हिनं नाव कमावलं." त्यानं टोपीनं तोंड पुसलं. "तू गेटवर पिशवी मागितली तवा तोंडापर्यंत आल्तं माझ्या, की तृप्ते, चोरी न्हाई गं, म्या चीक ओतलाय. पण अकरा माणसं उभी होती. म्हणलं, चोर म्हणू दे मला. माझं आता किती राह्यलंय? तुझं सगळं पुढं हाय. म्हणून गप बसलो. आन् तू दोनशे माणसांत उठून सगळं सांगून टाकलंस."

ते मिटलेलं तोंड. ज्याला मी कबुली समजले होते.

मी त्याचं नाव घालवत होते, त्याच मिनिटाला, तिथंच, माझ्यासमोर उभा राहून तो माझं वाचवत होता. लाज वाटली असं म्हणतात माणसं सहज. मला ती खरी वाटायला त्या दिवशी सुरुवात झाली, आधीची नुसती भीती होती.

मंगळवारी किल्ली करदोट्याला परत बांधली गेली. आई गेली होती बघायला, येताना हसत आली. साळूबाईंनी तिला चहा पाजला म्हणे. बुधवारी मामा कामावर आला. मी गेटवर जाऊन उभी होते. "मामा, आता मॅडम नाही म्हणायचं, तृप्ती म्हणायचं," मी म्हणाले. तो म्हणाला, "असू द्या, मॅडम," आणि हजेरीच्या वहीत सही करून आत गेला.

दिवसभर काम झकास झालं. पेंडीचं पाणी आधी, एन्झाइम मागून. मला वाटलं, फिटलं.

संध्याकाळी सुट्टी झाली. मामा गेटवर आला, थांबला, आणि पिशवीचं तोंड उघडून वॉचमनसमोर धरली.

वॉचमन बावरला. "अहो, राहू द्या काका." मामा हलला नाही. मागं माणसं खोळंबली. मी पळत गेले. "मामा, हे कशाला? माझ्या गळ्याची शपथ, कशाला हे?"

तो रागावलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. समजावून सांगावं तसं हळू म्हणाला, "माझ्यासाठी न्हाई, मॅडम. तुमच्यासाठीच. उद्या टाकीत पुन्हा काही कमी आलं, तर तुमच्या मनात यायला नको."

आज दोन महिने झाले. सहाव्या टाकीपासून आकडा सत्तरच्या खाली गेलेला नाही. मामा रोज संध्याकाळी गेटवर थांबतो आणि पिशवी उघडतो. वॉचमन तोंड फिरवतो, त्याला बघवत नाही. मग मामा माझी वाट बघतो. मी केबिनमधून निघते, जाते आणि पिशवीत डोकावते. फडकं असतं, डबी असते, चष्म्याचं घर असतं, गोळ्यांची पट्टी असते. मी "ठीक आहे" म्हणाल्याशिवाय तो गेटच्या बाहेर पाय ठेवत नाही, म्हणून मी रोज म्हणते.